जुन्या मोटारीचे कर्ज : विक्रेत्याची उधारी व बँकेचे कर्ज
(पेण व रोहे परिसरातील पतव्यवहाराचा ऐतिहासिक विचार)

१. प्रश्नाचे स्वरूप

पेण आणि रोहे ही रायगड जिल्ह्यातील दोन तालुक्यांची ठाणी होत. पेण हे भोगावतीच्या काठी, मुंबई–गोवा महामार्गावर वसलेले आहे. रोहे कुंडलिकेच्या काठी, महामार्गापासून काहीसे आत आहे. या दोन गावांत जुनी मोटार घेऊ इच्छिणाऱ्या गृहस्थापुढे आज दोन वाटा असतात. पहिली वाट मोटार विकणाऱ्याच्या दुकानातच सुरू होते. मोटार पसंत पडली की तेथल्या तेथे कर्जाचे कागद पुढे येतात, हप्ता सांगितला जातो आणि एकदोन दिवसांत मोटार दारी उभी राहते. दुसरी वाट बँकेची. तेथे अर्ज, उत्पन्नाचे दाखले, मोटारीचे मूल्यांकन आणि मंजुरी असे टप्पे ओलांडावे लागतात, आणि तेवढ्या अवधीत ती मोटार दुसऱ्या कोणी नेली असेही होते.

वरवर पाहता हा घरगुती हिशेबाचा प्रश्न आहे. परंतु त्याच्या मुळाशी पतव्यवहाराच्या इतिहासातील एक जुना प्रश्न आहे : वस्तू विकणारा आणि पैसा पुरविणारा हे एकच असावेत की निरनिराळे? जेथे ते एक असतात, किंवा एकाच टेबलाशी बसतात, तेथे वस्तूची किंमत आणि पैशाची किंमत एकमेकींत मिसळून जातात. आपण वस्तूसाठी किती देत आहो आणि मुदतीसाठी किती, हे घेणाऱ्यास कळेनासे होते. या दोन किमती वेगळ्या करून दाखविण्याचा प्रयत्न कायद्याने सुमारे दीडशे वर्षे चालविला आहे. त्या प्रयत्नाचा मागोवा घेतल्यावाचून पेण-रोह्याच्या ग्राहकापुढील आजची निवड नीट समजणार नाही.

२. सवाई-दिढीचा व्यवहार

कोकणच्या खारेपाटात आणि डोंगरालगतच्या भातगावांत उधारीचे मूळ रूप धान्याचे होते. पावसाळ्याच्या तोंडी घरातील भात संपे. बियाण्यासाठी व खावटीसाठी कूळ सावकाराकडून, खोताकडून अगर व्यापाऱ्याकडून भात उचली आणि सुगीनंतर ते सवाईने वा दिढीने परत करी. एक खंडी घेतली तर सव्वा किंवा दीड खंडी परत, असा हा हिशेब. ही वाढ वर्षाची नसून चारसहा महिन्यांची असे. शिवाय उचल महागाईच्या दिवसांत आणि परतफेड स्वस्ताईच्या दिवसांत होई. म्हणजे धान्यातील पाव वा अर्धा हिस्सा हे उघड व्याज, आणि हंगामी भावातील फरक हा त्याच्या आड असलेला दुसरा भाग. हा दुसरा भाग देणाऱ्याच्या वहीत कोठेही व्याज म्हणून लिहिलेला नसे. आणि बाजारभाव नंतर खाली आलेला असल्याने धान्याच्या मापात मोठी दिसणारी वाढ पैशात मोजता लहान ठरे. घेणाराला मात्र हा हिशेब कोणी मांडून दाखवीत नसे.

देशावर या प्रश्नाचा स्फोट १८७५ साली पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील दंग्यांच्या रूपाने झाला. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा आला. प्रारंभी तो पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता होता. कोकण त्याच्या कक्षेत नव्हते. तरीही त्यातील एक तत्त्व प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने फार मोलाचे आहे. न्यायाधीशाने केवळ खतावर विश्वासू नये, व्यवहाराचा मूळापासूनचा इतिहास पाहावा आणि मुद्दल व व्याज यांचा हिशेब स्वतंत्रपणे मांडावा, अशी त्या कायद्याची आज्ञा होती. खतावरील एकच आकडा फोडून त्यातील दोन आकडे बाहेर काढणे हे न्यायालयाचे काम ठरले. हिंदू विधीतील दामदुपटीचा नियम, म्हणजे एका वेळी मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करता येऊ नये हे तत्त्व, मुंबई इलाख्यात आधीपासून मान्य होतेच. त्याला हिशेबाच्या पृथक्करणाची जोड मिळाली.

कुलाबा जिल्ह्यात जमीन आणि कर्ज यांचा संबंध खोतीमुळे अधिकच गुंतागुंतीचा होता. अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ पर्यंत चाललेला कुळांचा संप खोतांच्या हिश्शाविरुद्ध होता. शेतसारा, खंड आणि खावटीची फेड एकाच माणसाच्या हाती गेल्यावर कूळ कोणत्या नात्याने काय देत आहे हे सांगणे कठीण होते, ही गोष्ट त्या काळच्या संघर्षाने पुढे आणली. खोती नष्ट करणारा मुंबई राज्याचा कायदा १९४९ साली झाला.

सावकारीवरील नियंत्रणाचा कायदा त्याआधीच, १९४६ साली, मंजूर झाला होता. सावकाराने परवाना घ्यावा, हिशेब ठेवावा आणि ऋणकोस वर्षाचे विवरण द्यावे, असे त्यात होते. परंतु याच कायद्याने एक दार उघडे ठेवले. ज्याच्या धंद्याचा मुख्य हेतू सावकारी नाही अशा माणसाने आपल्या धंद्याच्या नेहमीच्या ओघात प्रामाणिकपणे दिलेली उचल ‘कर्ज’ या व्याख्येतून वगळली. व्यापाराचा गाडा चालण्यासाठी ही सवलत आवश्यक होती हे खरे. पण त्यामुळे पैसा पुरविणाऱ्या सावकारावर कायद्याची नजर बसली आणि माल उधार देणारा व्यापारी तिच्या बाहेर राहिला. पुढे मोटारीच्या उधारीने ज्या मोकळ्या जागेत पाय रोवले ती जागा अशीच होती.

३. मोटार आणि भाडेखरेदी

मोटार ही महाग, चालती आणि झिजणारी वस्तू. जमीन जागेवर राहते, सोने तिजोरीत राहते. मोटार एका रात्रीत दुसऱ्या प्रांतात जाऊ शकते. म्हणून तिच्यावर पैसा देणाऱ्यास निराळ्या प्रकारची हमी हवी होती. ती इंग्लंडमधील भाडेखरेदीच्या पद्धतीने पुरविली. हेल्बी विरुद्ध मॅथ्यूज या पियानोसंबंधीच्या खटल्यात १८९५ साली लॉर्डसभेने असे ठरविले की, जो इसम हप्ते भरतो पण केव्हाही वस्तू परत करण्यास मोकळा आहे, तो खरेदीदार नसून भाडेकरूच होय. शेवटचा हप्ता देईपर्यंत मालकी देणाऱ्याकडेच राहते. या निवाड्याने विक्रेत्यास पुरेपूर संरक्षण मिळाले. हप्ते भरणारास मात्र मोटार वापरत असताही ती आपली नाही, अशा अवस्थेत राहावे लागले.

भारतात ही पद्धती मोटारींच्या व ट्रकच्या व्यापारातून रुजली. मद्रास येथे १९५४ साली स्थापन झालेली सुंदरम फायनान्स ही या क्षेत्रातील एक ठळक संस्था. तिच्या व्यवहारासंबंधी केरळ राज्याशी झालेला खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि त्याचा निर्णय १९६६ च्या निर्णयसंग्रहात प्रसिद्ध झाला. ग्राहक मोटार विक्रेत्याकडून घेई, काही रक्कम स्वतः देई, उरलेली रक्कम कंपनी देई आणि नंतर कंपनी त्या मोटारीसंबंधी ग्राहकाशी भाडेखरेदीचा करार करी. हा व्यवहार विक्री आहे काय, असा प्रश्न होता, कारण विक्री असेल तर तीवर विक्रीकर बसणार होता. न्यायालयाच्या बहुमताने कागदाच्या नावाकडे न पाहता व्यवहाराच्या स्वरूपाकडे पाहिले आणि ठरविले की, हा खरोखर कर्जाचा व्यवहार असून भाडेखरेदीचा करार ही त्या कर्जाची केवळ तारण-व्यवस्था आहे. दख्खनच्या कायद्याने न्यायाधीशास दिलेली आज्ञा येथे निराळ्या वेषात पुन्हा दिसते : खत काय म्हणते ते पाहू नका, व्यवहार काय आहे ते पाहा.

विधी आयोगाने आपला विसावा अहवाल भाडेखरेदीवर १९६१ साली सादर केला. त्यातून १९७२ चा भाडेखरेदी कायदा निपजला. परंतु तो कधी अंमलात आलाच नाही आणि अखेर रद्द झाला. भाडेखरेदीदारास करार स्पष्ट रीतीने लिहून मिळावा, रोख किंमत व भाडेखरेदीची किंमत वेगवेगळी दाखविली जावी, हा त्या कायद्याचा गाभा होता. तो पुस्तकातच राहिल्यामुळे मोटारीच्या हप्त्यांचे नियमन कराराच्या कलमांवर आणि सामान्य न्यायालयांवर अवलंबून राहिले.

या काळात जुन्या मोटारीचा बाजार एका विलक्षण कारणाने वाढला होता. देशात मोटारींचे कारखाने मोजके होते. मुंबईजवळ कुर्ल्यास प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता. मोटारींच्या वाटपावर व विक्रीवर १९५९ च्या आदेशाने सरकारी नियंत्रण होते. नवी मोटार हवी तर नाव नोंदवून वाट पाहावी लागे. अशा टंचाईत जुनी मोटार ही नव्या मोटारीचा स्वस्त पर्याय राहत नाही, ती तत्काळ मिळणारी मोटार ठरते, आणि तिची किंमत त्या तत्काळपणापोटी चढते. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० बाजारात आली आणि पुढील दशकात उत्पादन वाढत गेले, तेव्हा जुनी मोटार हळूहळू तिच्या खऱ्या पदावर, म्हणजे झिजलेल्या वस्तूच्या किमतीवर, आली.

४. बँकेचा प्रवेश

कुलाबा जिल्ह्यास बँकव्यवहाराच्या इतिहासात एक मानाचे स्थान आहे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म १८९६ साली महाडजवळील नाते येथे झाला आणि त्यांचे बालपण रोह्यास गेले. १९४३ ते १९४९ पर्यंत ते गव्हर्नर होते. १९५२ च्या निवडणुकीत ते कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर गेले. ते अर्थमंत्री असतानाच १९५५ साली इंपीरियल बँकेचे रूपांतर स्टेट बँकेत झाले. ग्रामीण भागात बँक नेण्याचा तो पहिला मोठा प्रयत्न होय.

त्या प्रयत्नाची पार्श्वभूमी अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीने तयार केली होती. ए. डी. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखालील समितीत धनंजयराव गाडगीळ हेही होते. १९५१–५२ या वर्षासाठी समितीने जे आकडे काढले ते आजही विद्यार्थ्याच्या ध्यानात राहावेत असे आहेत. शेतकऱ्यांच्या एकूण कर्जात व्यवसायी सावकारांचा वाटा ४४.८ टक्के, शेतकरी सावकारांचा २४.९ टक्के आणि व्यापाऱ्यांचा ५.५ टक्के होता. सहकारी संस्थांचा ३.१ टक्के, तर व्यापारी बँकांचा अवघा ०.९ टक्का. शंभर रुपयांच्या कर्जात बँकेचा एक रुपयाही नव्हता. अशा देशात ‘बँक की विक्रेता’ हा प्रश्नच उद्भवत नव्हता. निवड करण्यास दोन बाजू लागतात आणि येथे एकच होती.

१९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि लगोलग अग्रणी बँक योजना सुरू झाली; रायगड जिल्ह्याची अग्रणी बँक म्हणून बँक ऑफ इंडिया काम पाहते. राष्ट्रीयीकरणानंतरच्या अग्रक्रमाच्या धोरणात छोट्या वाहतूकदारांचाही समावेश होता. म्हणून बँकेचे वाहनकर्ज प्रथम टेम्पो, टॅक्सी व रिक्षा यांच्या वाट्यास आले. रायगडच्या रस्त्यांवर ‘विक्रम’ किंवा ‘मिनिडोर’ या नावांनी ओळखली जाणारी सहा आसनी रिक्षा हे वाहन अशाच स्वयंरोजगाराचे साधन बनले. घरच्या वापराची मोटार, त्यातही जुनी, ही बँकेच्या दृष्टीने उपभोगाची वस्तू होती. तिचा क्रम बराच शेवटी लागे.

ही पोकळी वित्तकंपन्यांनी भरून काढली. बँकेस जुन्या वाहनाची पारख नव्हती. वाहन किती चालले आहे, इंजिन कसे आहे, अपघात लपविला आहे काय, हे पाहण्याची तिच्याजवळ साधने नव्हती. १९७९ साली स्थापन झालेल्या श्रीराम ट्रान्सपोर्ट फायनान्ससारख्या संस्थेने जुन्या ट्रकवर कर्ज देण्याचाच धंदा केला. ज्या ज्ञानाअभावी बँक मागे राहिली तेच ज्ञान तिचे भांडवल ठरले. विक्रेत्याच्या दुकानातील कर्जाचा व्याजदर बँकेपेक्षा अधिक का, याचे एक प्रामाणिक उत्तर येथे आहे. तो दर केवळ लोभाचा नसून काही अंशी पारखीचा, जोखमीचा आणि उत्पन्नाचा दाखला नसलेल्या माणसास उभे करून घेण्याचा मोबदला असतो.

त्याच सुमारास परिसराचे स्वरूपही पालटत होते. १ जानेवारी १९८१ रोजी कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले. रोह्यालगत धाटाव येथे औद्योगिक वसाहत उभी राहिली, नागोठण्यास पेट्रोरसायनांचा प्रकल्प आला. १९८६ पर्यंत लोहमार्ग रोह्यास पोचला आणि १९९८ मध्ये तेथून कोकण रेल्वे सलग सुरू झाली. महिन्याचा पगार घेणारा एक वर्ग या दोन तालुक्यांत वाढला. पेणेत मात्र गणेशमूर्तींचा व्यवसाय आपल्या जुन्या चालीनेच चालू राहिला. त्यात माती, प्लास्टर, रंग व मजुरी यांवरील पैसा वर्षभर गुंतून पडतो आणि वसुली गणेशोत्सवाच्या आगेमागे एकदम होते. दर महिन्याच्या पाच तारखेस समान हप्ता भरणे हे धाटावच्या कामगाराच्या सोयीचे, पण मूर्तिकाराच्या हंगामाशी ते जुळणारे नाही. सवाई-दिढीची पद्धत अन्यायाची असली तरी ती सुगीशी बांधलेली होती. बँकेचा हप्ता न्यायाचा असला तरी तो पंचांगातील कोणताच हंगाम ओळखत नाही. या विसंगतीचा विचार कर्ज घेणाराने, तसेच देणारानेही, अवश्य केला पाहिजे.

५. विश्वासाचा भंग

बँक आणि विक्रेता यांची तुलना करताना पेणेच्या इतिहासातील एक घटना टाळता येत नाही. १९३५ साली स्थापन झालेल्या पेण को-ऑपरेटिव्ह अर्बन बँकेवर गैरव्यवहार उघडकीस आल्यानंतर सप्टेंबर २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले. बनावट कर्जखात्यांच्या द्वारे पैसा वळविल्याचे आरोप तपासात पुढे आले. हजारो ठेवीदारांची रक्कम अडकून पडली आणि ती परत मिळविण्यासाठी त्यांना मोर्चे, निवेदने व न्यायालये यांचा दीर्घ मार्ग धरावा लागला. सहकारी बँकांतील ठेवींस १९६८ पासून विम्याचे संरक्षण होते. पण त्या वेळी त्याची मर्यादा दरडोई एक लाख रुपये होती. ती पाच लाखांवर गेली फेब्रुवारी २०२० मध्ये.

या घटनेचा संबंध जुन्या मोटारीच्या कर्जाशी काय, असे विचारता येईल. संबंध असा की, नागरी सहकारी बँकेचे सारे सामर्थ्य तिच्या जवळिकीत असते. कर्ज मागणारा कोण, त्याचे घर कोठे, त्याचा वडिलोपार्जित व्यवहार कसा, हे तिच्या संचालकांस ठाऊक असते. मोठ्या बँकेस जे कागदावरून कळते ते तिला ओळखीवरून कळते. म्हणूनच कागद कमी असलेल्या मूर्तिकारास, शेतकऱ्यास वा दुकानदारास ती नैसर्गिक आधार होती. पण ओळख हेच जिचे भांडवल, तिच्यात ओळखीचा दुरुपयोगही सहज होतो. बँक अडकल्यावर ठेवीदाराची पुंजी गेली आणि कर्जदाराचा जवळचा दरवाजाही बंद झाला. अशा प्रसंगी जो तातडीने उभा राहतो तो विक्रेता आणि त्याच्या टेबलाशी बसलेला वित्तकंपनीचा माणूस. जवळिकीची जागा अशा रीतीने रिकामी झाली की ती भरणारा बहुधा अधिक महाग असतो.

म्हणून बँक हे नाव म्हणजे सुरक्षितता आणि विक्रेता हे नाव म्हणजे फसवणूक, अशी सरळ विभागणी पेण-रोह्याच्या इतिहासात टिकत नाही. टिकते ती एवढीच गोष्ट की, हिशेब जेथे उघड तपासता येतो तेथे धोका कमी असतो.

६. आजची निवड

आज दुकानातील कर्ज बहुधा दुकानदाराचे नसते. पैसा बँकेचा वा वित्तकंपनीचा असतो. दुकानदार मध्यस्थ असतो आणि त्याबद्दल त्याला मोबदला मिळतो. याचा एक परिणाम दुर्लक्षिला जातो. व्यापारी स्वतः उधार देई तेव्हा माल वाईट निघाल्यास गिऱ्हाईक पैसे अडवून धरी. आता मोटारीचा गिअरबॉक्स महिन्याभरात गेला तरी हप्ता थांबत नाही, कारण हप्ता घेणारा मोटार विकणारा नव्हे. किमतीची सरमिसळ जुन्या उधारीसारखीच राहिली. गिऱ्हाइकाच्या हातातील जुने शस्त्र मात्र गेले.

सरमिसळ कशी होते हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट करता येईल. तीन लाख रुपयांचे कर्ज तीन वर्षांसाठी घ्यावयाचे आहे. विक्रेता ‘नऊ टक्के’ सांगतो. बँक बारा टक्के सांगते. नऊ लहान म्हणून दुकानाची वाट सोपी वाटते. परंतु दुकानातील नऊ टक्के हे बहुधा सपाट दराने, म्हणजे फेड होत गेली तरी मूळ रकमेवरच, आकारलेले असतात. तीन वर्षांचे व्याज ८१,००० रुपये आणि महिन्याचा हप्ता सुमारे १०,५८३ रुपये. बँकेचे बारा टक्के घटत्या शिलकीवर असतात. हप्ता सुमारे ९,९६४ रुपये व एकूण व्याज सुमारे ५८,७०० रुपये. दुकानातील नऊ टक्के घटत्या शिलकीवर मोजले तर ते सोळा टक्क्यांहून किंचित अधिक भरतात. मोठा दिसणारा दर स्वस्त आणि लहान दिसणारा महाग, असा हा विपर्यास आहे. वर्षभराने कर्ज मिटवावयाचे झाले तर अंतर आणखी वाढू शकते. बँकेचे येणे तेव्हा सुमारे २,११,७०० रुपये उरते. करारात उरलेले सर्व हप्ते द्यावे लागतील असे कलम असेल तर दुकानातील येणे २,५४,००० रुपये होते. उलट, विक्रेता रोखीपेक्षा कर्जाच्या गिऱ्हाइकास किमतीत सवलत देत असेल तर ती या हिशेबात वजा करणे न्याय्य आहे. वीस-बावीस हजारांची खरी सवलत मिळाली तर वरील उदाहरणातील दोन्ही वाटा जवळजवळ सारख्या होतात. म्हणून प्रथम रोखीची किंमत, मागाहून कर्जाची अट, असा क्रम धरल्यावाचून तुलना शक्य नाही.

ही तुलना सुलभ करण्यासाठी रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या किरकोळ कर्जांस एक मुख्य तथ्यपत्रक बंधनकारक केले. त्यात सर्व आकारांसह वार्षिक टक्केवारीचा दर दाखवावा लागतो आणि हा नियम बँका व वित्तकंपन्या या दोहोंस लागू आहे. १८७९ च्या कायद्याने मुद्दल व व्याज वेगळे मांडण्याचे काम न्यायाधीशावर सोपविले होते, म्हणजे भांडण झाल्यावर. येथे तेच काम सही होण्यापूर्वी होते. दीडशे वर्षांच्या वाटचालीतील हा एक महत्त्वाचा टप्पा होय. तो कागद मागून घेणे आणि वाचणे मात्र ग्राहकाच्याच हाती आहे.

कायद्याचा दुसरा धागा पेणेतूनच जातो. एमएच-०६ हे नोंदणीचिन्ह असलेले परिवहन कार्यालय पेण येथे आहे. रोह्याच्या मोटारीवरील बोजाही तेथील दफ्तरी चढतो. १९३९ च्या मोटारवाहन कायद्यात मागाहून घातलेल्या ३१-अ कलमाने भाडेखरेदीची नोंद नोंदणीपत्रात करण्याची व्यवस्था केली. १९८८ च्या कायद्याच्या ५१ व्या कलमाने ती भाडेखरेदी, भाडेपट्टा व तारणगहाण या तिन्हींस लागू केली. बोजा चढविण्याचा नमुना ३४ आणि उतरविण्याचा नमुना ३५. जुन्या मोटारीच्या आधीच्या मालकाने कर्ज फेडले असले तरी ३५ क्रमांकाचा नमुना दाखल झाला नसेल, तर नोंदणीपत्रावर देणेकऱ्याचे नाव तसेच राहते आणि नवा मालक दुसऱ्याच्या कर्जाच्या सावलीत येतो. विकणाराने चौदा दिवसांत व घेणाराने तीस दिवसांत हस्तांतर कळवावयाचे असते. हे टाळल्यास काय होते ते सर्वोच्च न्यायालयाने नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या २०१८ च्या निर्णयात सांगितले आहे : मोटार हातोहात विकली गेली तरी दफ्तरात ज्याचे नाव, अपघाताच्या भरपाईस तोच मालक म्हणून जबाबदार. एप्रिल २०२३ पासून जुन्या वाहनांच्या विक्रेत्यांस परिवहन खात्याकडून अधिकृत मान्यता घेण्याची व्यवस्था झाली आहे आणि मोटार त्यांच्या ताब्यात आल्याची सूचनाही द्यावी लागते. बँक कर्ज देते तेव्हा ही कागदपत्रे ती स्वतःच्या हितासाठी तपासते. तिचा हा संथपणा ग्राहकास फुकट मिळालेली छाननी ठरतो.

हप्ता थकल्यावर काय, हाही प्रश्न निवडीचाच भाग आहे. आयसीआयसीआय बँक विरुद्ध प्रकाश कौर या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली बळजबरीने वाहन उचलून नेण्याच्या प्रथेवर कठोर ताशेरे ओढले. तो खटला बँकेसंबंधीचा होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. दंडुका कोणाच्या हाती आहे हे संस्थेच्या नावावरून ठरत नाही.

७. उपसंहार

पेण-रोह्याच्या पतव्यवहाराचा हा प्रवास धान्याच्या मापापासून वार्षिक दराच्या पत्रकापर्यंतचा आहे. त्यातून निघणारा निष्कर्ष मर्यादित पण उपयोगी आहे. ज्याचे उत्पन्न मासिक आहे, दाखले पुरे आहेत आणि ज्यास आठपंधरा दिवस थांबता येते, त्यास बँकेचे कर्ज बहुधा स्वस्त पडते आणि मोटारीची कागदोपत्री छाननीही त्यात साधते. ज्याचे उत्पन्न हंगामी आहे किंवा ज्याच्याजवळ कागद नाहीत, त्यास विक्रेत्याकडील कर्ज हाच खरा पर्याय असू शकतो. त्याने अधिक दर देणे हे अविचाराचे नव्हे, मात्र तो किती अधिक आहे हे त्याला ठाऊक असले पाहिजे. आणि बँकांनी मूर्तिकाराच्या अगर भातशेतकऱ्याच्या हंगामास जुळणारे हप्ते बांधले नाहीत, तर तो वर्ग दुकानाच्या वाटेनेच जाईल, यात नवल नाही.

खावटी उचलणाऱ्या कुळास दिढीचा अर्थ कळत नव्हता असे नाही. त्याच्यापुढे दुसरी वाट नव्हती, आणि असलेल्या वाटेचा हिशेब मांडून दाखविणारे कोणी नव्हते. आज दोन वाटा आहेत आणि हिशेबाचा कागद कायद्याने देय आहे. सही करण्यापूर्वी तो मागितला गेला नाही, तर कुळाच्या आणि मोटार घेणाराच्या स्थितीतील अंतर वाटते त्याहून थोडेच राहील.